मधली दोन वर्षं

दळवीकाकांनी माझ्या देखत एकच सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि तो अतिशय भिकार होता. सिनेमा नायजेरियाचा. लाडावलेला, वाया गेलेला मुलगा, त्याच्यावर पांघरूण घालणारी आई, उठसूट काठी आपटणारा श्रीमंत बाप आणि प्रत्येक प्रसंगात तोच एक चामडी सोफा. त्यांच्या नादाने मीही तो पाहिला आणि माझेही अडीच तास वाया घालवले. पण सिनेमा फसला म्हणून एखादा माणूस दोन दिवस धड जेवला नाही, हे मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुबईत रास अल खोरला आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं यार्ड होतं. पत्र्याची दोन गोदामं, स्कॅफोल्डिंगच्या पाइपांचे ढीग, केबलची रिळं आणि एका पोर्टा केबिनमध्ये ऑफिस. मी तिथे कागदपत्रं सांभाळायचे. दळवीकाका टाइमकीपर, म्हणजे चारशे माणसांची हजेरी घेणारे. मूळचे कणकवलीकडचे. बायको पोटुशी असताना दुबईला आले, ते इथलेच झाले. मध्ये कंपनीने अंगठ्याचं मशीन बसवलं होतं, पण सिमेंटमध्ये हात घालून घालून आमच्या माणसांच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीन कुणालाच ओळखेना. काका सगळ्यांना ओळखायचे, तेही तोंड न बघता, चालीवरून. पहाटे साडेपाचला बस यार्डात शिरली की क्लिपबोर्ड घेऊन गेटवर उभे. खिशाला दोन पेनं, हजर माणसाला निळं आणि गैरहजराला लाल.

"आला तर पी, नाही आला तर ए," ते म्हणायचे. "मधलं अक्षर माझ्याकडे नाय."

त्यांच्याच तालुक्यातला एक फोरमन होता. सुट्टीवरून परत येताना त्याने काकांसाठी सोलां आणली, भरपूर, घरच्या रातांब्यांची. आठवड्याने तो तासभर उशिरा उगवला आणि काकांकडे बघून गावच्या माणसाचं हसला. काकांनी अर्धा दिवस कापला. मी विचारलं, सोलां परत केलीत का? "परत कशाक? कढी केली. बरी होती सोलां," काका म्हणाले. एकदा ते स्वतः तापाने फणफणून कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या कामगार वसतीत, पडले होते. सकाळी मला फोन आला, माझ्या नावापुढे ए लिही. म्हटलं, "काका, सिक लीव्ह लिहिते ना." "ती मागाहून लिही. आधी ए. मी गेटवर नव्हतो." अशा माणसाचा राग येतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आम्ही बाकीचे थोडंफार इकडचं तिकडे करून पोट भरणारे लोक. असला माणूस शेजारच्या टेबलावर बसला की आपलंच टेबल अस्वच्छ वाटायला लागतं.

हा झाला हजेरीतला माणूस. मुलाचा विषय निघाला की वेगळेच दळवीकाका समोर यायचे.

मुलगा एकच, प्रथमेश. काकांना दोन वर्षांतून एकदा महिनाभराची रजा. पोरगं बावीस वर्षांचं होईपर्यंत बापाने त्याला पाहिलं ते अकरा महिने. त्या प्रत्येक महिन्यात काकांचा एकच नेम होता, पोराला काही म्हणजे काही बोलायचं नाही. "महिन्याभराचो पाहुणो मी," ते सांगायचे, "आणि त्यात ओरडलं तर पोराच्या ध्यानात काय ऱ्हवात? बाप येतो आणि ओरडतो." त्यामुळे दहावीत नापास झाला तेव्हा मोबाइल मिळाला, डिप्लोमा सोडला तेव्हा मोटरसायकल. रजेच्या आधी दोन महिने काकांच्या खोलीत कार्गोचं खोकं उघडं असायचं. बूट, घड्याळ, गॉगल, अत्तराच्या बाटल्या, मुलाने फोनवर म्हणावं आणि खोक्यात पडावं. टेप लावायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन यायचा आणि काका टेप फाडून आणखी काही कोंबायचे. काकी एकटीच तिकडे पोराशी झगडत होती. तिने एकदा आपल्या बांगड्या गेल्याचं सांगितलं. काका तिलाच म्हणाले, "जागेवर ठेवूक होयी होत्यो."

शेवटी काकीनेच हात टेकले. तिकडे त्याची संगत वाईट, तुमच्याजवळ घेऊन जा, बापाच्या नजरेखाली सुधारेल, असं म्हणाली. बावीस वर्षांत काकांनी कंपनीकडे कधी काही मागितलं नव्हतं. ते मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेब लेबनॉनचे, तापट, पण काकांना मानणारे. "दळवी का लडका? यल्ला, ले आओ," म्हणाले. व्हिसाचे कागद मीच केले. त्या महिन्यात काका गेटवर शीळ घालायचे.

प्रथमेश आला, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडला. देखणा, हसरा, बोलण्यात गोड. मी बापलेकांना एका रविवारी आमच्या अजमानच्या घरी जेवायला बोलावलं. माझी नऊ वर्षांची मुलगी त्याच्यावर एकदम फिदा. "मम्मा, ही इज सो फनी," असं तिचं चाललं होतं. मी सुरमई केली होती. काकांनी आपलं ताट बाजूला सारलं, प्रथमेशच्या ताटातला तुकडा घेतला आणि काटे काढून एकेक घास त्याच्या भातावर ठेवायला लागले. सुरमईला काटे ते किती. तोही एका हाताने मोबाइल बघत निवांत जेवत होता. माझी मुलगी डोळे मोठे करून बघायला लागली. "व्हाय कान्ट ही डू इट हिमसेल्फ?" तिने विचारलं. मी तिला गप्प केलं.

निघताना काका खाली टॅक्सी शोधायला गेले तेव्हा प्रथमेश दारात माझ्याशी बोलला. "ताई, बाबांना मला नाही म्हणताच येत नाही. लहानपणी मजा वाटायची. आता कधीकधी वाटतं, काय केलं म्हणजे हा माणूस चिडेल?" हसत म्हणाला. मीही हसले. त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला वाटलं, चार दिवसांची ओळख, आपण कशाला.

पहिले तीन आठवडे बरे गेले. प्रथमेश स्टोअरमध्ये एमेकाच्या हाताखाली होता. एमेका नायजेरियाचा, आडव्या बांध्याचा, शांत माणूस. हेल्मेटपासून नटबोल्टापर्यंत सगळं त्याच्या ताब्यात. इथल्या सगळ्यांसारखं तोडकंमोडकं हिंदी बोलायचा आणि काकांना अंकल म्हणायचा. चौथ्या आठवड्यात एके दिवशी त्याने मला फोन केला. "मॅडम, प्रथमेश किधर? सुबह से नहीं आया." हजेरीचं पान माझ्या समोरच होतं. प्रथमेश वसंत दळवी, निळ्या पेनाने, पी.

मी एमेकाला सांगितलं, ऑफिसच्या कामाला पाठवलाय. दुपारी काका टाइमशीट द्यायला आले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर प्रत्येक आठवड्यात एखाददोन दिवस असा निळा पी यायचा, आणि मी तो मुकाट्याने संगणकात चढवायचे. एकदा मात्र मला राहवलं नाही.

"काका, हे तुम्ही करताय?"

ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवू लागले. "बाय, तो हय इलो ना, तेव्हापासून माका वाटता, माझी रजाच चालू आसा. रजेत त्याला काय बोलूचा नसता." मग म्हणाले, "सुधारतलो तो. तू बघ." प्रथमेश शारजाच्या इंडस्ट्रियल भागातल्या कुठल्या तरी टोळक्यात असतो, हे तोवर कॅम्पात सगळ्यांना माहीत झालं होतं.

सिनेमा आणला एमेकाने. त्याला वाईट वाटत असणार, पण दुसऱ्याच्या पोराबद्दल सरळ कसं बोलायचं? तो जेवणाच्या सुट्टीत टॅब घेऊन आला. "अंकल, ये देखो. हमारे गाव का पिक्चर. सेम टू सेम आपका मॅटर." काका एरवी सिनेमाच्या वाटेला जायचे नाहीत. त्या दिवशी बसले. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यामुळे सिनेमा पाच दिवस पुरला. स्टोअरमध्ये उलट्या घातलेल्या रंगाच्या डब्यांवर आम्ही तिघं, समोर टॅब. इंग्रजी इतकं भरभर की मला निम्मं कळायचं, काकांना त्याहून कमी. पण कळायला भाषा लागत नव्हती. मुलगा बापाची गाडी परस्पर विकतो. आई म्हणते, चोरीला गेली. मुलगा घरात कामाला असलेल्या मुलीला छळतो. आई म्हणते, तीच खोटारडी. बाप काठी आपटतो आणि तेवढ्यात वरून माइक खाली लोंबतो. मी फस्सकन हसले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे चार दिवस मी हसले नाही.

ते पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बघायचे. डबा तसाच राहायचा. रोज सुट्टी संपली की विचारायचे, "एमेका, सुधरेगा ना?" एमेका हसायचा. "वेट, अंकल. एंड मे बहुत अच्छा."

पाचव्या दिवशी मुलगा तुरुंगात जातो. गजांना धरून बसलेला दिसतो, आई दाराबाहेर छाती पिटून घेते. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. मग पडदा काळा झाला, पिवळी अक्षरं आली, 'दोन वर्षांनंतर', आणि पुढच्याच क्षणी तोच मुलगा पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात फाइल घेऊन, त्या चामडी सोफ्यासमोर गुडघे टेकून बापाच्या पाया पडत होता. बापाने काठी टाकली, सगळे रडले, देवाचं गाणं झालं आणि संपला सिनेमा.

काका हलले नाहीत. "पीछे लो," म्हणाले. एमेकाने मागे घेतलं. पुन्हा गज, पुन्हा पिवळी अक्षरं, पुन्हा पांढरा शर्ट. "और पीछे." तिसऱ्यांदा बघून ते म्हणाले, "इधर काटा है. बीच का किधर है?"

"नो, अंकल. फुल है."

"फुल नहीं है. जेल मे गया, फिर अच्छा हो गया. कैसे हुआ? किसने क्या बोला उसको? वो दिखाओ."

एमेकाने खांदे उडवले. काका माझ्याकडे वळले, आणि आवाज चढवून बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. "बाय, मधली दोन वर्सां खय गेली? तीच तर बघूची होती माका." तेव्हा मला कळलं, की पाच दिवस हा माणूस सिनेमा बघत नव्हता. तो कृती उतरवून घ्यायला बसला होता. आई काय बोलली, बापाने काय केलं, कुठल्या दिवशी, कुठल्या शब्दाने पोरगं वळलं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि सिनेमावाल्यांनी नेमकं तेच गाळलं होतं. मला त्या सिनेमाचा आजही राग आहे.

त्यांची खात्री होती की आपल्याला मिळालेली प्रत कापलेली आहे. दोन दिवस ते धड जेवले नाहीत, एमेकाचा पिच्छा पुरवला. बिचाऱ्याने कुठून तरी त्याचा दुसरा भाग मिळवला. त्यात तोच मुलगा सुधारलेलाच होता आणि त्याच्या लग्नात दोन बायकांची भांडणं लागली होती. काकांनी तोही रात्री खोलीवर नेऊन पूर्ण पाहिला. मग टॅब एमेकाच्या हातात देऊन म्हणाले, "चांगला झाल्यानंतरचाच दाखवतात सगळे."

त्या संध्याकाळी त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा प्रथमेशला दरडावलं. उद्यापासून आला नाहीस तर ए लिहीन, असं म्हणाले. हे मला त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. "हसलो तो," म्हणाले. "लिहा म्हणालो." त्या सकाळी प्रथमेश आला नव्हता. मी पान उघडलं. निळा पी होता.

पुढचा महिना मला नीट आठवत नाही, किंवा आठवायचा नाही. प्रथमेश कॅम्पावर झोपायलाही येईनासा झाला. मग एका बुधवारी कंपनीची सरकारी कामं बघणारा आमचा माणूस धापा टाकत ऑफिसात आला. शारजातल्या एका गोदामातून भरदिवसा मोबाइलची खोकी पळवली होती. चारजण धरले, त्यात प्रथमेश. व्हॅन तो चालवत होता असं बाकीचे तिघे सांगत होते. प्रथमेशचं म्हणणं, मी त्या दिवशी कामावर होतो, आमच्या कंपनीचं हजेरीबुक बघा.

मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावलं. मी हजेरीची वही घेऊन गेले. त्या तारखेला पी होता. साहेबांचा चेहराच खुलला. "शुफ, देखो, पी है. दळवी लिखा है, मतलब था. खलास. कॉपी पे साइन करो, दळवी, मैं भेजता हूँ." प्रत तयार होती. त्यावर फक्त सही करायची होती. खोटं त्यांचं आधीच लिहून झालं होतं, आता नवं काहीच बोलायचं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, करा काका सही. देवाशपथ मी तेच म्हणत होते.

काकांनी वही मागितली. पान दोन्ही हातांनी धरून बघितलं.

"नहीं था, साब."

"क्या?"

"मेरा लडका उस दिन नहीं था. मैंने झूठ लिखा."

साहेब उठून उभे राहिले. काकांनी खिशातून लाल पेन काढलं आणि टेबलावर वाकून तो पी खोडला, शेजारी ए लिहिला, आद्याक्षरं घातली. मग मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. साहेब ओरडले, "पागल हो? एक दिन का पूछा है." काका थांबले नाहीत. एकूण नऊ दिवस होते. नऊही त्यांना न शोधता सापडले.

बाहेर आल्यावर ते केबिनच्या पायरीवर बसले. मी चिडून विचारलं, काय मिळवलंत? पोराला स्वतःच्या हाताने आत घातलंत. ते म्हणाले, "इतकी वर्सां चारशे लोकांची ए लिहिली बाय. कोणाची आई वारली होती, कोण रात्रभर रडलो होतो. तरी लिहिली. त्यांका पण बाप होते." मी पाणी आणायला आत गेले, कारण मला रडू येत होतं.

खोटी हजेरी लावणाऱ्या टाइमकीपरला कुठलीही कंपनी ठेवत नाही. साहेबांनी जुन्या नोकरीकडे बघून प्रकरण वाढवलं नाही, एवढंच. व्हिसा रद्द झाला. काका गावी जातील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एमेकाने त्यांना एक शर्ट घेतला होता. ते शर्ट घेऊन गेले आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. प्रथमेशला शिक्षा झाल्याचं कानावर आलं, किती ते नीट कळलं नाही.

वर्षभराने मी नोकरी बदलली. एकदा कामासाठी जुमेरा लेक टॉवर्सला गेले होते. टॉवरच्या तळघरातून गाडी बाहेर काढताना आडव्या दांड्याजवळच्या काचेच्या खोक्यात दळवीकाका दिसले. अंगावर कुणाच्या तरी मापाचा निळा गणवेश. मान बारीक झाली होती. त्यांनी मला पटकन ओळखलं आणि बाहेर आले.

"इथे?" मी विचारलं.

"ओळखीच्याने लावला. गावाक कसो जाऊ? हय त्याचो कोण आसा?"

मी विचारलं, भेटता का त्याला? ते म्हणाले, भेटीच्या दिवशी दर वेळी जातो. आधी जाऊन बसतो. नाव पुकारतात.

"मग? कसा आहे?"

"माहीत नाय बाय. तो बाहेर येत नाय." दांड्यावर हात ठेवून ते सांगत होते. "एकदा तिथल्या माणसाकडून निरोप दिलान, माझो बाप मेलो म्हणून सांगा. मी बसतंय. वेळ संपली की उठतंय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. धीर देणारी चार वाक्यं माझ्या तोंडाशी आली आणि सगळी खोटी वाटली. पोरगं सुधारेल, बाहेर येईल, कळेल त्याला. असं काही होणार नव्हतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली. काकी होती.

"होय, काल गेललंय," ते म्हणाले. "भेटलो ना तो. बरो आसा. वाईच बारीक झालो, पण जेवता नीट." पलीकडून बराच वेळ काही विचारणं चाललं होतं. काका ऐकत होते, मान हलवत होते. "होय, सांगितलंय. तुकाच इचारीत होतो. आये कशी आसा म्हणालो. रडलो वाईच. मी म्हटलंय, रडा नको."

फोन खिशात ठेवून त्यांनी आडवा दांडा वर केला.

"काढ बाय गाडी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागे रांग लागली."